नाव सांगेपर्यंत

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रसेन,

जयभीम. तुझं पाकीट मिळालं. तीन वर्षांत तुझा एक फोन नाही, माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलेला, आणि आलं काय, तर प्रश्नावली. चाळीस कोरे फॉर्म, प्रत्येकात एकतीस प्रश्न, आणि वर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी: 'ताई, आपल्या आळीतली वीस घरं आणि माळीपुऱ्यातली वीस. तुझ्याशिवाय कोणी खरं लिहून घेणार नाही.' खरं हा शब्द तू मला लिहावास, याचं आधी हसू आलं, मग राग आला. माझ्या रागाचं तुला ठाऊकच आहे. तोंडाच्या आधी हात जातो.

फॉर्म वाचले. घाना, ब्राझील, हॉलंड आणि आपला वाशिम जिल्हा, सगळीकडे हाच फॉर्म जाणार म्हणे. प्रश्न अकरा: अंगात आलेल्या शक्तीला नाव असते का? प्रश्न चौदा: अनुभवाच्या वेळी व्यक्तीला वेदना होतात का, एक ते पाच यांपैकी एका आकड्याला गोल करा. प्रसेन, हा चौदावा प्रश्न तू स्वतः लिहिलास का रे? की कुठल्या गोऱ्या प्रोफेसरनं घातला?

आपल्या घराचा फॉर्म मीच भरते. आकड्यात मावत नाही म्हणून इथे लिहिते. माळीपुऱ्यात मरीआईपुढे डफडं वाजलं की आईच्या मानेला झटका बसायचा. बाबा दाराला कडी लावायचे. मी हात धरायचे, तू पाय. शाळेची घंटा बडवून बडवून बाबांचा पंजा फळीसारखा झाला होता. गालावर, कानावर, पाठीवर, जिथे बसेल तिथे. 'नाव सांग.' आई घुमत म्हणायची, 'मी मरीआई व्हय.' मग आणखी. 'तुहं नाव सांग, तुहं.' ओठ फुटायचा, दात लाल व्हायचे, आणि शेवटी ती म्हणायची, 'चंपा. चंपा पुंजाजी.' तेव्हा बाबा थांबायचे. तिला आडवी करून अंगावर चादर टाकायचे आणि आपल्याला सांगायचे, 'झोपू द्या, उतरली.' दोन तासांनी उठून ती चूल पेटवायची आणि आपण जेवायला बसायचो.

तुझ्या प्रबंधात हे पान आहे, नावं बदलून. डिक्शनरी जवळ घेऊन मी ते वाचलं. आईच्या माराला तू तिथे ऐटबाज नाव दिलं आहेस. पाय कोण धरत होतं, ते मात्र गाळलंस.

बाबा क्रूर होते असं मी म्हणणार नाही. आजोबांनी छप्पन साली घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते, आणि ती गोष्ट बाबा भरल्या डोळ्यांनी सांगायचे. त्यांना देवीचा राग नव्हता, भीती होती. आपली बायको घुमताना माळीपुऱ्यानं पाहिली तर म्हणतील, यांनी धर्म बदलला पण माणसं तीच राहिली. त्या एका वाक्याच्या धाकानं त्यांनी आईचा डावा कान कायमचा बहिरा केला.

तू माझ्यावर का रुसलास हे मला कळतं. तू दुसऱ्या दिवशी पोचणार होतास आणि मी आईला त्याच संध्याकाळी अग्नी दिला. तेव्हा सांगितलं तेच पुन्हा सांगते. आई न्हाणीत पडली, तिला शुगर होतीच, आणि त्या उकाड्यात ठेवणं शक्य नव्हतं. फॉर्म भरून झाले की पाठवते.

नीलिमा


मंगळवार, २३ सप्टेंबर

प्रसेन,

आपल्या आळीतले फॉर्म झाले. लोकांनी अंगात येतं का या प्रश्नावर असं तोंड केलं, जणू मी कुणाच्या पोरीच्या पळून जाण्याची चौकशी करायला आले होते. सगळ्यांनी 'नाही'ला गोल केला.

आज माळीपुऱ्याची सुरुवात आवडामावशीपासून केली. आपल्या कुंपणापलीकडची आवडाबाई, जिची वांगी आणि सांबाराच्या हिरव्या जुड्या अजून शेलूबाजारच्या बाजारात जातात. काल घट बसले. तिच्या अंगात दर अष्टमीला देवी येते, हे तुला ठाऊक आहे. एरवी जो नवरा आणि जो मुलगा आदर्श तिला दटावून गप्प करतात, ते त्या दिवशी तिच्या पायावर डोकं ठेवतात. वर्षाचं भांडण ती त्या अर्ध्या तासात मिटवून घेते. हे मी तुझ्या फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे, तुझ्या कामाचं आहे.

मग मी विचारलं, 'उपवास करता का? तुमच्यासोबत आणखी कोण करतं?'

'तुही माय करे ना,' ती म्हणाली.

मी म्हटलं, 'आमच्या घरात नवरात्र नसतं मावशी.'

'तुह्या घरात नसन. तिच्या पोटात होतं. नऊ दिवस फकस्त पाण्यावर राहे. तू ताटात वाढलेली भाकर कुंपणावरून माह्या शेळीले टाके. मी म्हंतलं, चंपे, तुले शुगर हाय, गोळी तरी नोको घेऊ उपाशापोटी. चंपा म्हणे, नीलिमा सकाळी हातावर ठेवते अन् मी गिळेलोक समोर उभी राह्यते. नाही घेतली तर इचारन, काहून नाही घेत. मंग काय सांगू तिले?'

प्रसेन, मी पेन खाली ठेवलं. उपाशी पोटी साखर उतरवायची गोळी, आठ दिवस, रोज माझ्या हातानं. मी शिक्षिका आहे, याचा अर्थ काय होतो ते मला कळायला दुसरं कुणी नको.

तेवढ्यात आतून आवाज आला. मावशीच्या सुनेला, तनुजाला, तू पाहिलेलं नाहीस. तेवीस वर्षांची आहे, बीए झालेली. मार्चमध्ये तिला सातव्या महिन्यात मेलेलं मूल झालं आणि तेव्हापासून ती बोलत नाही, मधेच किंचाळते, डोकं भिंतीवर आपटते. घरचे म्हणतात बाहेरची बाधा. दर मंगळवारी दौलतराव भगत येतो. मी दारातून पाहिलं. तिचे केस खाटेच्या पायाला बांधले होते, आदर्शनं हात धरले होते, आणि भगत ओल्या दोरानं तिच्या पोटऱ्यांवर मारत होता. 'कोण हायेस तू? नाव सांग.' ती नुसती कण्हत होती. कातडी फाटून दोराला रक्त लागलं होतं.

तेच शब्द, प्रसेन. आपल्याकडे बाईनं स्वतःचं नाव सांगितलं की मार थांबायचा, इथे दुसऱ्याचं सांगितलं की थांबणार. तुझ्या चार देशांच्या अभ्यासात याच्यासाठी वेगळा रकाना आहे का ते पाहा.

मी 'थांबा' म्हणाले. भगतानं वळूनही पाहिलं नाही. मावशीनं मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि मी आले. फॉर्म तिथेच राहिला.

नीलिमा


रविवार, २८ सप्टेंबर

प्रसेन,

पाच दिवस झोप नाही. वहीवर वही तपासते आणि काय तपासलं ते आठवत नाही.

खरं लिहायला तू मला निवडलंस, तर वाच. आई न्हाणीत पडली नव्हती. अष्टमी होती, मी रजेवर होते, सकाळचे अकरा वाजले असतील. पलीकडे डफडं सुरू झालं. आई ओट्यावर मेथी निवडत होती. तिची मान हलली, हात थरथरले, अंगाला घाम फुटला. मी हाक मारली तर जीभ वळेना, माझ्याकडे पाहत होती पण ओळख नव्हती. मला एवढंच दिसलं की डफडं वाजतंय आणि आई हलतेय. सत्तरीला आली तरी हिची देवी काही सुटत नाही, असा संताप आला. मी कडी लावली आणि एक थप्पड मारली. ती कोसळली. मी म्हटलं, उतरली. चादर टाकली आणि स्वयंपाकाला लागले. एक वाजता जेवायला उठवायला गेले तर हात गार होते.

डॉक्टरनं मी सांगितलं तेच लिहून घेतलं. आईला शेवटची अंघोळ मी आणि आवडामावशीनं घातली. गालावर वळ होता. मावशीनं काही न विचारता पांढरं लुगडं गालावर ओढून घेतलं. मी घाई केली ती उकाड्यामुळे नाही. तिचं तोंड तुला दिसू नये म्हणून केली.

एक चमचा साखर, प्रसेन. डबा माझ्या हाताच्या अंतरावर होता.

आता दुसरं. परवा मी मावशीला म्हणाले, भगताला बंद करा, नाहीतर मी पोलिसांत जाते, त्याच्यासाठी कायदा आहे. तनुजाला आत कोंडून कुलूप घातलं आहे. ती काही खात नाही आणि तिला एक पाय टेकता येत नाही. मावशी भाजीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, 'जाय ना. मी बी येतो संगं. तू भगताचं सांग, मी चंपाचं सांगतो. खिडकीतून म्या सारं पायलं होतं त्या दिवशी. तीन सालं तोंडाले कुलूप लावून हावो आमी, तुह्यासाठी नाही, तिच्यासाठी. लोकं म्हणतीन, पोटच्या पोरीनं मारलं. मेल्यावर तिची काहून बदनामी कराव?'

ती धमकी देत होती की समजावत होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी परत आले. हे नीट वाच: एक पोर तिथे कुलपात आहे, मला एक फोन करायचा आहे, आणि मी तो करत नाही, कारण नोकरी जाईल, आळीत तोंड दाखवता येणार नाही, आणि तुला कळेल. विहारात आज वंदना घेतली. करुणेवर बोलायला मलाच उभं केलं. मी बोलले, आणि चांगलं बोलले.

मंगळवारी अष्टमी आहे. त्या दिवशी भगत बाधा काढूनच जाणार म्हणतो.

नीलिमा


बुधवार, १ ऑक्टोबर

प्रसेन,

काल शाळा सुटायच्या आधीच आदर्श मला बोलवायला आला. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाला, 'मॅडम, चला लवकर. तनुजानं नाव सांगतलं. तुमची आई हाय तिच्या अंगात.'

मी गेले. अंगणात पन्नासएक माणूस, बाया पुढे बसलेल्या. तनुजा मधोमध गुडघ्यावर, हात मागे बांधलेले, एक डोळा सुजून बंद. भगतानं आता दोर टाकून साखळी घेतली होती. 'चंपाबाई,' तो ओरडत होता, 'निंग हिच्यातून. महाराची भूतं माळ्याच्या घरात कायले शिरून राह्यली?' आणि साखळी पाठीवर. तिचा ब्लाउज फाटून पाठीत रुतला होता. लोक पाहत होते. कुणी मोबाईल धरला होता.

तनुजानं मला पाहिलं. मार्चपासून जिचा शब्द कुणी ऐकला नव्हता ती पोर म्हणाली, 'निले, नोको मारू व माय. नाव येऊन नाही राह्यलं तोंडात.'

मी दर रविवारी बावीस प्रतिज्ञा म्हणणारी बाई आहे. देव मानत नाही, आत्मा मानत नाही. आणि मला वाटलं, आई आली. एक क्षण नाही, चांगला बराच वेळ वाटलं. कारण मी तुला रविवारी लिहिलं ते खोटं होतं. एक थप्पड नव्हती. हात दुखायला लागेपर्यंत मारलं, मग पायातली चप्पल काढली. बाबांसारखीच ओरडत होते, 'नाव सांग, नाव सांग.' आणि आई 'च... च...' करत होती. ती सांगत होती, प्रसेन. जीभ वळत नसताना ती बिचारी स्वतःचं नाव सांगायचा प्रयत्न करत होती, आणि मला वाटलं देवी मला वेडावतेय. म्हणून मी तोंडावर मारलं.

साखळी पुन्हा वर गेली. भगत आता तनुजाला मारत नव्हता, माझ्या आईला मारत होता, आणि या वेळी तरी मी मधे पडले. साखळी माझ्या मनगटावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसऱ्या हातानं मी ती ओढून घेतली आणि त्याला मारलं. खांद्यावर मारलं, पडल्यावर कमरेत मारलं. तो हात जोडत होता आणि मला थांबता येत नव्हतं. आपल्या घराचा हात आहे हा. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटत होतं.

आदर्शनं मला मागून धरलं. तेव्हा आवडामावशी ओरडली, 'पाहा हिले! याच हातानं मायले मारलं हिनं! माय उपाशी होती, अन् हे चपलीनं मारत होती!'

मला नाही म्हणता आलं असतं. मावशीवर कुणाचा विश्वास बसला असता असं नाही, मी मॅडम आहे, पंधरा वर्षं त्यांची पोरं शिकवते. मी म्हणाले, 'हो. मारलं मी. ती गेली त्यानं. आता हिला सोडा, नाहीतर हीपण जाईल.'

कुणी हललं नाही. मग मावशीच उठली. विळ्यानं सुनेच्या हातांचा दोर कापला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडायला लागली. 'घरी न्याव का दवाखान्यात न्याव, मले काय समजते,' असं काहीतरी बोलत होती. आदर्शनं जीप आणली. भगताला त्याची माणसं मोटरसायकलवर मधे बसवून घेऊन गेली. जीपमध्ये तनुजा माझ्या बाजूला होती. मी विचारलं, 'तू असं का म्हणालीस?'

'मॅडम,' ती म्हणाली, 'दुसरं मेलेलं नाव मले मालूम नव्हतं. सासूबाई रोज त्यांच्याच गोष्टी सांगत. नाव घेतलं तर मार थांबन वाटलं. मंग तुमी दिसल्या. त्यांनी काय म्हंतलं असन, ते आलं तोंडात.'

हे तुझ्या कामाचं नाही. हे लिहून घेऊ नकोस.

नीलिमा


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

प्रसेन,

आज आईला तीन वर्षं झाली. तनुजाच्या तीन बरगड्या मोडल्या आहेत, पण ती जगेल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मूल गेल्यावर मनाला असा आजार होतो आणि त्याला औषध आहे. आवडामावशी तिच्या खाटेशेजारी चटई टाकून बसून असते. माझ्याशी बोलत नाही. काल मी निघताना मात्र तिनं माझ्या प्लास्टरच्या हातात डबा अडकवला.

भगताविरुद्ध तक्रार दिली. आदर्शचंही नाव घातलं, मावशीचंही. भगतानं माझ्याविरुद्ध दिली आहे, त्याची कमर गेली म्हणतात, ती शिक्षा मी भोगीन. मग आईचं सांगितलं. साहेब म्हणाले, 'मॅडम, तीन वर्षं झाले. प्रेत नाही, पुरावा नाही. मायच्या दुःखानं तुमच्या डोक्यावर परिणाम झाला असन. कायले उकरता?' मी म्हणाले, लिहून घ्या. ते म्हणाले, मारलं म्हणून मरण आलं हे कशावरून? मी म्हणाले, आमच्या घरात हे कसं करायचं ते लहानपणी शिकवलेलं आहे. म्हणाले, त्याला कोणी साक्षीदार?

ही पाचही पत्रं फोटो काढून फॉर्मच्या तळाशी असलेल्या तुझ्या ईमेलवर पाठवते आहे, म्हणजे ती आज तुला मिळतील. तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही, मलाच ते करता आलेलं नाही. शाळेत राजीनामा दिला आहे. घराची किल्ली विहारात ठेवली आहे.

साक्षीदार म्हणून मी तुझं नाव आणि नंबर दिला. सोमवारी ठाण्यातून फोन येईल.

ताई